वाघ-सिंहांना मायेने शिकविणारा रिंगमास्टर

जळगाव आणि धुळे शहरांतील नव्या वसाहतींत सायंकाळी फेरफटका मारला, तर कुत्रे पाळणाऱ्यांचे दोन पंथ सहज नजरेस पडतात. एक पंथ गळ्यातील साखळीला झटका देणारा, चूक होताच दरडावणारा, प्रसंगी वर्तमानपत्राची गुंडाळी पाठीत घालणारा. दुसरा खिशात बिस्किटांचा चुरा बाळगणारा, चुकीकडे काणाडोळा करून बरोबर वागल्याबरोबर शाबासकी देणारा. पहिल्या पंथाला दुसरा लाडावणारा वाटतो, तर दुसऱ्याला पहिला निर्दय. खानदेशच्या शेतकऱ्याला हा वाद नवा नाही. गोऱ्हा पहिल्यांदा औताला जुंपताना पराणीची आर किती टोचायची आणि गुळाचा खडा केव्हा द्यायचा, यावर पिढ्यान् पिढ्या मतभेद आहेत. दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे. तेथेही नाचणारी घोडी पाहून लोक हाच प्रश्न विचारतात, की हिला शिकविले कसे, मारून की चारून?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका मराठी माणसाने आपले सारे आयुष्य घालविले, आणि तेही कुत्र्या-घोड्यांसमोर नव्हे, वाघ, सिंह आणि बिबट्यांसमोर. दामू गंगाराम धोत्रे हे त्यांचे नाव. पुण्याच्या एका गरीब घरात १९०२ मध्ये जन्मलेला हा मुलगा पुढे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स या त्या काळच्या सर्वांत मोठ्या सर्कशीत हिंस्र श्वापदांचा प्रमुख खेळ करू लागला. मागच्या पिढीतील अनेक वाचकांना ते भानू शिरधनकर यांनी शब्दांकन केलेल्या ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या पुस्तकामुळे ठाऊक आहेत. त्या नावातच त्यांची भूमिका आली आहे. जनावर जिंकायचे नसते, सोबतीला घ्यायचे असते, अशी ती भूमिका. तिला विरोध करणारे त्यांच्या व्यवसायात बहुसंख्य होते, हे मात्र आज फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही.

मराठी माणसाचे सर्कशीशी नाते जुने आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. छत्रे मुळात घोडे शिकविणारे. संस्थानिकांच्या पागेत त्यांनी ही विद्या मिळविली होती. मुंबईत आलेल्या चिआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहून त्यांना ईर्षा झाली आणि त्यातून पुढचा इतिहास घडला. घोडा शिकविणाऱ्याला मराठीत शब्दच मुळी चाबूकस्वार असा आहे. विद्येच्या नावातच चाबूक आधी आणि स्वार मागाहून. छत्र्यांमागून देवल आले, शेलार आले, आणखीही कितीतरी जण आले. रेल्वेच्या वाघिणींतून जनावरे आणि तंबू घेऊन ही मंडळी देशभर, परदेशातही हिंडली. शहराबाहेरच्या मैदानात तंबू पडला, की आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून माणसे येत आणि रात्री सिंहाची डरकाळी ऐकून पोरे आईला बिलगत.

दामूचे मामा तुकाराम गणपत शेलार हे अशाच एका सर्कशीचे मालक. भाचा अगदी लहानपणापासून मामाच्या तंबूत रमू लागला आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास तो सर्कशीबरोबर बाहेर पडला. कसरती, सायकलवरचे खेळ, जनावरांची देखभाल असे सारे तो तेथेच शिकला. घरी दोन घास कमी असलेल्या मुलाला सर्कस म्हणजे शाळाही होती आणि पोटाची सोयही. आज हे चालणार नाही. सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आणि तो योग्यच होता. पण दामूच्या काळी तंबूतले शिक्षण असेच होते, पोरालाही आणि बछड्यालाही. शाळेतला मास्तर छडी बाळगत होता, तर सर्कशीतल्या मास्तरला हंटर बाळगू नको असे कोण सांगणार?

तरुण वयातच धोत्रे रिंगमास्टर झाले. पुढे इसाको यांच्या रशियन सर्कशीत त्यांना काम मिळाले आणि तिच्याबरोबर ते आशियातील देशांत हिंडले. गावोगावच्या भाषा वेगळ्या, प्रेक्षक वेगळे, पण पिंजऱ्यातली भाषा एकच. याच काळात त्यांचे नाव हिंस्र पशूंबरोबर काम करणारा माणूस म्हणून होऊ लागले. युरोपात युद्धाचे ढग जमत असताना ते फ्रान्समध्ये आल्फ्रेड कूर यांच्याकडे दाखल झाले आणि तेथे त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले.

कूर हे मार्सेलचे. जन्म १८८३ चा. स्वतः उत्तम कसरतपटू असलेल्या या माणसाने मध्यम वयात जनावरांच्या कामाकडे मोर्चा वळविला आणि त्यात तो युरोपात अग्रगण्य ठरला. फ्रेंच सर्कशीत जनावरे दाखविण्याच्या दोन परंपरा मानल्या जात. एका परंपरेत जनावर गुरगुरले पाहिजे, पंजा उगारला पाहिजे, अंगावर धावले पाहिजे आणि माणसाने त्याला मागे रेटले पाहिजे. प्रेक्षकाने श्वास रोखावा हे तिचे ध्येय. दुसरीत जनावर शांतपणे, जणू खुशीने, सांगितलेले काम करते आणि माणूस जवळपास निःशस्त्र दिसतो. कूर दुसऱ्या परंपरेचे. धोत्रेही त्याच वळणाचे ठरले.

ही दुसरी परंपरा हँबर्गच्या कार्ल हागेनबेक यांच्यापासून सुरू झाली असे मानतात. हागेनबेक (१८४४ ते १९१३) जनावरांचे व्यापारी. जगभरातील प्राणिसंग्रहालयांना आणि सर्कशींना ते हत्ती, वाघ, सिंह पुरवीत. आपण विकलेले जनावर चाबकाने, लोखंडी सळईने फोडून काढले जाते हे त्यांनी पाहिले होते. मारामुळे जनावर बिथरते, खंगते, मरते. व्यापाऱ्याच्या हिशेबातही हे बसत नव्हते. १८८० च्या दशकात त्यांनी वेगळी पद्धत रुजविण्यास सुरुवात केली. प्रत्येक जनावराचा स्वभाव आधी ओळखायचा, जे मुळातच चिडखोर किंवा भेदरट असेल ते कामातून वगळायचे आणि उरलेल्यांना मांसाच्या तुकड्याने, आवाजाने, सवयीने शिकवायचे. गजांऐवजी खंदकांनी वेगळे केलेले त्यांचे प्राणिसंग्रहालय १९०७ मध्ये उघडले आणि जगात नावाजले गेले. मात्र सिंहाचे मन जाणणाऱ्या याच माणसाने दूरदेशीच्या माणसांना आणून त्यांची प्रदर्शने मांडली होती, हेही नोंदविले पाहिजे. दया कोठे सुरू होते आणि कोठे थांबते, याचे गणित त्या काळी फारच विचित्र होते.

आता ही मायेची पद्धत प्रत्यक्षात चालते कशी, ते पाहू. रिंगणात प्रथम काहीच नसते. फक्त एक लाकडी बैठक आणि तिच्यामागे उभा असलेला शिकविणारा. जनावर आत सोडले जाते आणि ते कडेकडेने फिरते, वास घेते. बैठकीजवळ आले, की काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा तुकडा त्याला मिळतो. दुसऱ्या दिवशी तुकडा बैठकीवर धरला जातो, म्हणजे तो घेण्यासाठी पुढचे पंजे वर टेकावे लागतात. मग मागचे पाय. मग थोडा वेळ बसून राहणे. जनावराने आपली बैठक आपली मानली, की निम्मे काम झाले. पण तेवढ्यासाठीही कित्येक दिवस जातात, आणि अनेक जनावरांना एका रिंगणात एकमेकांशेजारी बसविणे हे महिनोन् महिन्यांचे काम. या पद्धतीत काठी ही हाताची लांबी वाढविणारी वस्तू असते. तिने दिशा दाखवायची, मांस द्यायचे, कधी पाठ खाजवायची. चाबकाचा उपयोग आवाजापुरता, खुणेपुरता. तो अंगावर पडला, तर शिकविणाऱ्याची चूक झाली असे समजायचे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण तिच्याकडे मायेच्या पद्धतीचे भक्त सोयीस्कर दुर्लक्ष करतात. केवळ मांसाच्या तुकड्यावर वाघ रिंगणात हलत नाही. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी सर्कशीचा बारकाईने अभ्यास केला होता. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कुंपण असते, असे त्यांनी दाखवून दिले. माणूस त्या कुंपणाच्या आत आला, की जनावर मागे सरते. मागे सरायला जागाच उरली नाही आणि माणूस आणखी जवळ आला, तर ते हल्ला करते. अनुभवी रिंगमास्टर या दोन रेषांमध्ये पावले टाकतो. एक पाऊल पुढे, जनावर मागे हटून बैठकीवर चढते. एक पाऊल मागे, जनावराला मोकळे वाटते. ही सुटका हेच त्याचे बक्षीस. म्हणजे मायेच्या पद्धतीतही दबाव असतोच, फक्त तो वेदनेचा नसतो आणि वेळेवर काढून घेतला जातो. ही वेळ ज्याला साधते तो कलावंत. धोत्रे यांचे मोठेपण येथे होते.

युद्ध पेटले आणि १९४० मध्ये कूर यांची जनावरे व माणसे अटलांटिक ओलांडून अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत आली. धोत्रे त्यांत होते. तीन रिंगणांची ही अवाढव्य सर्कस आगगाड्या भरभरून गावोगाव फिरत असे. कूर यांच्या ताफ्यांत वाघ, सिंह, अस्वले, बिबटे, पुमा, जग्वार असे एकमेकांचे वैरी एकाच पिंजऱ्यात बसत, आणि काही खेळांत त्यांच्या मधोमध ग्रेट डेन जातीचे कुत्रेही असत. सडपातळ बांध्याचे, उघड्या अंगाचे, डोक्याला फेटा बांधलेले धोत्रे बिबट्यांच्या आणि काळ्या बिबट्यांच्या घोळक्यात शिरत. बिबट्या हे सर्कशीतील सर्वांत बेभरवशाचे जनावर मानले जाते. तो सिंहासारखा आधी इशारा देत नाही, आणि आकाराने लहान असल्याने चपळही अधिक.

अमेरिकी प्रेक्षकाला याआधी सवय होती ती क्लाइड बीटी यांच्या खेळाची. पांढरा पोशाख, एका हातात चाबूक, दुसऱ्यात खुर्ची, कमरेला खोट्या गोळ्यांचे पिस्तूल. चाळीस-चाळीस वाघ-सिंहांच्या गर्दीत बीटी उभे राहत आणि पिंजऱ्यात युद्ध पेटल्याचा भास होई. चित्रपटांनी ही प्रतिमा जगभर नेली. आजही व्यंगचित्रात रिंगमास्टर काढायचा म्हटले, की खुर्ची आणि चाबूक येतातच. बीटी क्रूर होते असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. जनावरे सांभाळण्यात ते निष्णात होते आणि त्यांच्या खेळातील बरीचशी लढाई नाटकी असे. पण त्यातून प्रेक्षक जे घेऊन घरी जाई ते असे, की जनावर म्हणजे शत्रू आणि त्याला ताब्यात ठेवायचे म्हणजे मोडायचे. गंमत अशी, की बीटी यांचे नाव मोठे झाले ते हागेनबेक-वॉलेस नावाच्या सर्कशीत. मायेच्या पद्धतीच्या प्रवर्तकाचे नाव पाटीवर आणि आत खुर्ची-चाबकाचा जयजयकार.

धोत्रे यांच्या खेळात असा गडगडाट नव्हता. शांतपणात थरार शोधायला प्रेक्षकाला शिकावे लागले आणि तो शिकला. अर्थात या यशाला दुसरीही बाजू आहे. उघडे अंग आणि फेटा हे पुण्याच्या माणसाचे रोजचे रूप नव्हे. गूढ पूर्वेकडून आलेला, पशूंना वश करणारा हिंदुस्थानी अशी पाश्चात्त्यांची आवडती कल्पना होती आणि तिकीटविक्रीसाठी सर्कशीने तिचा पुरेपूर उपयोग केला. वर्षानुवर्षांच्या मेहनतीला जादू म्हटले, की मेहनतीचा हिशेब द्यावा लागत नाही. ज्या देशात हे कौतुक चालले होते, त्या देशाचा कायदा १९४६ पर्यंत हिंदी माणसाला नागरिकत्वासाठी पात्र मानत नव्हता. तरीही युद्धकाळात धोत्रे अमेरिकी सैन्यात दाखल झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा रिंगलिंगच्या रिंगणात उतरले.

ज्या दशकांत धोत्रे पिंजऱ्यात अनुभवाने शिकत होते, त्याच दशकांत प्रयोगशाळांमध्ये हाच प्रश्न आकडेमोडीने सोडविला जात होता. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती कृती बळावते, हे अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मांडले होते. रशियात इव्हान पाव्हलोव्ह यांचे कुत्रे जगप्रसिद्ध झाले. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचेच विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४७ मध्ये जनावरे शिकविण्याचा व्यवसाय थाटला तो बक्षिसाच्या तत्त्वावर. घरगुती कुत्र्यांचे जग मात्र वेगळ्या वाटेने चालले होते. जर्मन पोलिसांसाठी कुत्रे तयार करणारे कोनराड मोस्ट यांचे १९१० चे पुस्तक सक्तीवर भर देणारे होते. पहिल्या महायुद्धात लष्करी कुत्रे त्याच वळणाने तयार झाले आणि युद्ध संपल्यावर ती शिस्त घराघरांत शिरली. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या १९६२ च्या पुस्तकाने झटक्याच्या साखळीला प्रतिष्ठा दिली. वारे फिरले ते १९८४ च्या सुमारास, डॉल्फिन शिकविणाऱ्या करेन प्रायर यांच्या पुस्तकानंतर. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी अडकविता येत नाही. चूक केली म्हणून तो मारही खात नाही, पोहून निघून जातो. जेथे मारणे शक्यच नव्हते तेथे न मारता शिकविण्याचे शास्त्र पक्के झाले.

वाघाच्या बाबतीतही तेच. कुत्र्याला मारले तर तो शेपूट पायात घालतो आणि मालकाला वाटते, धडा मिळाला. त्याच चुकीची किंमत वाघासमोर रिंगमास्टरला स्वतःच्या अंगावर मोजावी लागते. पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षेच्या पद्धतीने शिकविलेल्या कुत्र्यांत तणावाची लक्षणे अधिक आढळली, लाळेतील तणावद्रव्याचे प्रमाणही प्रशिक्षणानंतर वाढलेले दिसले. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये बक्षिसाच्या पद्धतीचीच शिफारस केली. जुन्या पंथाचे म्हणणे तरीही पूर्णपणे मोडीत निघालेले नाही. रस्त्यावर धावत्या वाहनाकडे झेपावणाऱ्या कुत्र्याला बिस्किटाने थांबविता येते का, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्यावर दुसरा पंथ सांगतो, की ती वेळ येण्याआधी हजार वेळा केलेला सराव उपयोगी पडतो. हजार वेळा सराव करायला सवड कोणाला आहे, हा पुढचा प्रश्न. धोत्रे यांच्या व्यवसायात सवड काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे धोत्रे मायदेशी, पुण्याला परतले. रिचर्ड टॅपलिंगर यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९६१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मराठी पुस्तकाने त्यांना घरोघरी पोचविले आणि रविवारी सकाळी सर्कशीचे तिकीट मागणाऱ्या कितीतरी मुलांनी त्यांना मनातल्या मनात गुरू केले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या शहरातून दहा वर्षांचा मुलगा तंबूबरोबर निघाला होता तेथेच त्यांचा प्रवास संपला.

त्यांच्यामागे त्यांच्या विद्येचे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही हकीगत पुरी होत नाही. त्यांच्या हयातीतच, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा देशात झाला होता. त्याच कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने १९९१ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि कुत्रा यांना खेळासाठी शिकविण्यावर व दाखविण्यावर बंदी घालणारी अधिसूचना काढली. सर्कसवाले न्यायालयात गेले. समिती नेमली गेली आणि १९९८ मध्ये नवी अधिसूचना निघाली. तिच्यात सिंहाची भर पडली आणि कुत्रा यादीतून वगळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ही बंदी कायम केली. वाघाला कसे शिकवावे हा वाद न्यायालयाने एका अर्थाने निकालात काढला. शिकवूच नये.

धोत्रे यांच्या चाहत्यांना हा निकाल बोचतो आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. मायेने शिकविणारा आणि तापलेली सळई वापरणारा हे दोघे एकाच कलमाखाली आले. पण कायद्यापुढे प्रश्न एका धोत्रे यांचा नव्हता. आखूड पिंजरे, उन्हाळ्यातले प्रवास, निकृष्ट अन्न आणि अर्धवट शिकलेले मास्तर हे देशभरातल्या तंबूंचे वास्तव होते. शिवाय कितीही मायेने मांसाचा तुकडा पुढे केला, तरी तो नाकारून जंगलात निघून जाण्याची मुभा त्या बिबट्याला नव्हती. हागेनबेक, कूर, धोत्रे या परंपरेला हा आक्षेप शेवटपर्यंत खोडून काढता आला नाही. रिंगलिंग सर्कशीने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबविले, २०१७ मध्ये ती स्वतःच बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली ती एकाही जनावराविना.

कुत्रा मात्र यादीबाहेर राहिला. पुण्यात शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात पोलिसांचे कुत्रे तयार होतात आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या श्वानपथकांत रुजू होतात. वास काढणाऱ्या कुत्र्याला माग सापडला, की त्याच्यापुढे चेंडू टाकण्याची रीत आता जगभरच्या पथकांत रूढ आहे. कुत्रा आणि त्याचा हस्तक यांची जोडी शक्यतो वर्षानुवर्षे तीच ठेवतात.